बोलीतला आवाज कसा तयार करायचा: व्हॉइसओव्हरमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

डबिंग आणि जाहिरातींच्या कामात नवीन आलेली मुलंमुली मला सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट विचारतात, की ताई किती अ‍ॅक्सेंट यायला पाहिजेत, पाच की दहा? माझं उत्तर दरवेळी तेच असतं. एक. आधी एक नीट येऊ दे आणि ती शक्यतो तुमच्या घरची बोली असू दे. हे ऐकून बरेच जण नाराज होतात कारण घरची बोली लपवण्यातच त्यांची शाळा-कॉलेजची सगळी वर्षं गेलेली असतात, "असं गावठी बोलू नको" हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की तीच बोली आता कामाची आहे हे खरंच वाटत नाही. पण कामाची आहे. मी अकोल्याची आहे, आणि मुंबईत अंधेरी-गोरेगाव-मालाडच्या स्टुडिओंमध्ये प्रमाण मराठी छान बोलणाऱ्यांची रांग असते पण पाच मिनिटं न अडखळता, स्क्रिप्टशिवाय, खरी वऱ्हाडी बोलणारं माणूस शोधायला लागतं, हे मी कायम बघते.

तर कुठून सुरू करायचं ते सांगते.

पायरी १: घरातलं रेकॉर्डिंग

आजी, मामा, शेजारचे काका, जे कोणी अजून तुमच्या भागाची बोली न बिचकता बोलतात त्यांना विचारून त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. विचारून, हे महत्त्वाचं. फोन तोंडासमोर धरला की माणसं लगेच पुस्तकी बोलायला लागतात, म्हणून फोन बाजूला ठेवून द्या आणि त्यांना असं काहीतरी विचारा की ते रंगात येतील: लग्नात कोण रुसलं होतं, बांधावरून भांडण कसं झालं, बैल कितीला घेतला. माणूस चिडून किंवा हसत सांगायला लागला की खरी बोली बाहेर येते. असं तासाभराचं जमवलं तरी पुढचे कित्येक महिने पुरेल.

सोबत प्रमाण मराठीही पक्की करायची आहे, ते सुटत नाही. न-ण, ल-ळ, स-श नीट. आणि मराठीतले दोन च, दोन ज: "चार" मधला च वेगळा आणि "चाक" मधला वेगळा, "जीव" आणि "जोर" चंही तसंच. इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून आलेल्यांचं इथेच चुकतं आणि डायरेक्टरला पहिल्या ओळीतच कळतं. रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचा, बास.

पायरी २: शब्दांच्या आधी हेल पकडा

नवीन लोकं बोली म्हणजे शब्दांची यादी समजतात. मालवणी करायची म्हणजे माका-तुका-खंय टाकायचं, कोल्हापुरी म्हणजे लई आणि भावा टाकायचं. मग वाक्य पुण्याच्या चालीत आणि शब्द तेवढे सावंतवाडीचे असं काहीतरी होतं, आणि सावंतवाडीचा माणूस दोन सेकंदात ओळखतो की हे खोटं आहे. ऐकणाऱ्याला शब्दांच्या आधी हेल ऐकू येतो. वाक्य कुठे चढतं, कुठे लांबतं, कुठे तुटतं.

यासाठी मी जे करते ते सांगते. दोन मिनिटांची क्लिप घ्यायची, तीच तीच. पहिले काही वेळा नुसतं ऐकायचं. मग शब्द काढून टाकून तोंड मिटून फक्त चाल गुणगुणायची, हं-हं-हं करत, जसं एखाद्या गाण्याची चाल बसवतो तसं. मग क्लिपच्या सोबत बोलायचं, अर्ध्या सेकंदाने मागे राहून. आणि मग क्लिप बंद करून त्याच हेलात स्वतःचं काहीतरी बोलायचं, आज काय जेवलो, ट्रेन किती उशिरा आली, काहीही. या शेवटच्या भागात बहुतेक जण अडकतात पण अडकलं तरी रोज करायचं, कारण स्टुडिओत ओळ ऐनवेळी बदलते आणि तेव्हा पाठ केलेलं काही उपयोगाचं नसतं.

ऐकायला काय काय आहे? आकाशवाणीची जळगाव, रत्नागिरी, अकोला, परभणी, सांगली अशी केंद्रं आहेत, त्यांच्या शेतीच्या कार्यक्रमांत त्या त्या जिल्ह्यातले शेतकरी बोलतात ते ऐका, निवेदक नाही, शेतकरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली गावागावातल्या लोकांची रेकॉर्डिंग ऑनलाइन ऐकायला मिळतात, हा खजिना आहे आणि आपल्या क्षेत्रातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. ज्यांना वाचायची आवड आहे त्यांनी ब्रिटिश काळातले भाषातज्ज्ञ ग्रिअरसन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीचा खंड बघावा, सातवा, १९०५ सालचा. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत लिहून घेतलीय. एकच गोष्ट असल्यामुळे फरक चटकन डोळ्यात भरतो. बोली शंभर वर्षांत बदलल्या आहेत, त्यामुळे नक्कल करायला नाही, कान तयार करायला. सिनेमातल्या नटाची बोली ऐकून शिकू नका, त्यानेही ती कुणाकडून तरी उचललेलीच असते.

पायरी ३: वही

प्रत्येक बोलीचं एक पान. डावीकडे प्रमाण, उजवीकडे ती बोली. शब्दांपेक्षा आवाजातले बदल लिहा कारण आवाजाचा नियम कळला की न ऐकलेला शब्दही बरोबर येतो. माझ्या वहीतलं थोडं देते.

वऱ्हाडीत ळ चा य होतो: डोळा-डोया, काळा-काया, शाळेत-शायेत. मला-तुला चं मले-तुले. आणि चालू क्रिया "करून रायला", "जेऊन रायलो" अशी. का च्या जागी काऊन, कशाला च्या जागी कायले. आता गंमत बघा, मले-तुले वापरलं आणि ळ तसाच ठेवला की अकोल्याच्या माणसाला लगेच खटकतं, कारण खऱ्या बोलीत या गोष्टी एकत्र येतात, त्यातली एक उचलून दुसरी सोडता येत नाही.

मालवणीत पुल्लिंगी नामं ओकारान्त होतात, घोडो, आंबो, आणि क्रियापदही तसंच, "माझो झील इलो" (माझा मुलगा आला). शेवटचा स्वर किती लांबवायचा आणि नाकात किती घ्यायचा हे कानानेच येतं, लिहून येत नाही. आणि गोव्यातलं पात्र आलं म्हणून मालवणी लावू नका, कोंकणी बोलणाऱ्या माणसाचं मराठी वेगळं असतं.

आगरी-कोळी: ड चा र, घोडा-घोरा, होडी-होरी. ळ चा ल, ण चा न. बोलण्याचा वेग आणि जोर दोन्ही जास्त. हे पात्र बहुतेक वेळा नुसतं ओरडून केलं जातं, ते कृपा करून करू नका.

अहिराणीत माझा-तुझा चं मना-तुना, आहे चं शे, "काय करी ऱ्हायना" (काय करतोय). खान्देशाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: जळगावचं प्रत्येक पात्र अहिराणी बोलत नाही. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, आणि त्यांच्या कविता सरळ अहिराणी हेलात वाचलेल्या मी किती ऑडिओत ऐकल्यात. तिथल्या लोकांना ते लागतं. लागणारच.

कोल्हापूरकडे कित्येक बायका-मुली "मी येतो", "मी जातो" म्हणतात. स्क्रिप्टमध्ये "येते" लिहिलेलं असेल तर लेखकाला विचारा, बदलू का, बहुतेक लेखक खूश होतात. मराठवाड्यात "काय करायलास", "कुठं जायलास". झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, इथली बोली वऱ्हाडीच्या पानावर लिहू नका, तिला वेगळं पान द्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा आणि आसपास दिवाळी झाली की झाडीपट्टी रंगभूमीचा मोसम सुरू होतो, जमलं तर एकदा जाऊन रात्रभर नाटक बघा आणि नाटकापेक्षा शेजारी बसलेल्यांचं बोलणं ऐका.

पायरी ४: माणूस ठरवा

स्क्रिप्टवर नुसतं "ग्रामीण आवाज" लिहिलेलं असतं. म्हंजे काय? कुठलं ग्रामीण? यातून ती एक सरसकट गावठी तयार झालीय, म्या, व्हय, न्हाय, आरं तिच्या, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावात तशी बोलली जात नाही पण सगळ्या जाहिरातींतला शेतकरी तीच बोलतो. मला याचा मनापासून त्रास होतो. जो माणूस कापूस पिकवतो आणि जो ऊस पिकवतो ते एकसारखं बोलत नाहीत हो.

म्हणून माईकसमोर जायच्या आधी विचारायचं: पात्राचा जिल्हा कुठला, तालुका सांगितला तर सोन्याहून पिवळं. वय काय. काय काम करतो. आणि गाव सोडून किती वर्षं झाली. हा शेवटचा प्रश्न फार काम करतो. पंधरा वर्षं पुण्यात नोकरी करणारा बुलढाण्याचा माणूस ऑफिसात प्रमाणच बोलेल, त्याची वऱ्हाडी आईच्या फोनवर येईल, राग आला की येईल, शिवी देताना येईल. पूर्ण स्क्रिप्ट गडद बोलीत केलीत तर तो माणूस खोटा होतो. मी दरवेळी डायरेक्टरला विचारते की हलकी पाहिजे, मध्यम का गडद, आणि एकेक ओळ तिन्ही प्रकारे करून दाखवते. जाहिरात राज्यभर जाणार असेल तर हलकीच लागते, हेल त्या भागाचा आणि शब्द सगळ्यांना कळणारे. वेब सिरीज किंवा रेडिओ नाटक असेल तर गडद चालते.

आणि जिथे ओळ लिहिलीच अशी आहे की बोलीवरच हसायचं, पात्र मूर्ख कारण ते मालवणी बोलतं किंवा कामवाली आहे म्हणून आगरी बोलते, तिथे मी एक टेक त्यांच्या मनासारखा देते आणि विचारते की अजून एक देऊ का, त्यात तेच पात्र हुशार म्हणून खेळते. बऱ्याचदा दुसराच टेक वापरला जातो कारण तो ऐकायला बरा असतो. नवीन असताना भांडायची ताकद नसते, पण जास्तीचा टेक द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

पायरी ५: आवाज शरीरातून

आता पात्राचा आवाज. नवीन माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पिच वर किंवा खाली. पिच, म्हणजे आवाजाची उंची, हा त्यातला फक्त एक खटका आहे, अजून बरेच आहेत. आवाज कुठे घुमतो: छातीत, घशात, नाकात, कपाळात. वेग. श्वास किती आणि कुठे घेतला. जबडा सैल का आवळलेला, ओठ पुढे का मागे ताणलेले, दात मिटून बोलतोय का. यातल्या दोन गोष्टी बदलल्या तरी नवीन माणूस तयार होतो आणि पिचला हात लावावा लागत नाही.

उभं राहून करा. हनुवटी छातीकडे घेऊन बोला, आवाज आपोआप जड होतो. हनुवटी वर केली की पातळ होतो. खांदे पाडले की थकलेला. माईकसमोर हात हलवा, चेहरा वाकडा करा, कोणी बघत नाही.

म्हातारं पात्र म्हणजे थरथरता आवाज हे डोक्यातून काढा. सत्तरीच्या माणसाला नीट ऐका, थरथर क्वचितच असते. श्वास आखूड असतो, वाक्य मधेच थांबतं, दात गेले असतील तर स-श सैल होतात, आणि काही जण तर तरुणांपेक्षा मोठ्याने बोलतात कारण कमी ऐकू येतं. लहान मुलांचंही तसंच. डबिंगमध्ये लहान मुलांचे आवाज मोठ्या बायका करतात हे तुम्हाला माहीत असेलच, मेघना एरंडे यांनी हिंदीत निन्जा हातोडी आणि नॉडी या कार्टून पात्रांचे आवाज केलेत. नुसतं बारीक बोललं की मूल होत नाही. मुलं वाक्याच्या नको त्या जागी श्वास घेतात, मधल्या शब्दावर अचानक जोर देतात, आणि त्यांना घाई असते. ती घाई आणा.

प्रत्येक पात्रासाठी एक किल्लीचं वाक्य ठरवा, जे म्हटलं की तो आवाज लगेच सापडतो. माझ्या एका म्हाताऱ्या पात्राचं आहे "अगं दार लाव आधी". रेकॉर्डिंगच्या आधी तेवढं म्हणायचं आणि सुरू. सोबत त्या आवाजाची वीस सेकंदाची क्लिप पात्राच्या नावाने सेव्ह करून ठेवा, कारण महिन्याभराने क्लायंटचा फोन येतो की दोन ओळी बदलल्यात आणि तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही.

लक्ष्मण देशपांड्यांनी "वऱ्हाड निघालंय लंडनला" या एकपात्री नाटकात पन्नासावर पात्रं एकट्याने उभी केली. ते जरूर बघा, आणि बघताना एक पात्र सोडून दुसऱ्यात जाताना मान कुठे वळते, थांबा किती घेतला, वेग कसा बदलला, ते लिहून काढा.

पायरी ६: गळा

थोडक्यात सांगते पण हे टाळू नका. सेशनच्या आधी दहा मिनिटं ओठांची फुर्र आणि गुणगुणणं, किंवा पेल्यात थोडं पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत आवाज काढायचा. साधं पाणी दिवसभर. घसा खाकरायची सवय सोडा, त्याऐवजी घोट घ्या. किंचाळणं, रडणं, राक्षसाचा आवाज हे सगळं सेशनच्या शेवटी ठेवा असं आधीच सांगा, सगळे अनुभवी लोक सांगतात. घसा बसला की कुजबुजून बोलू नका, त्याने आराम मिळत नाही, गप्प बसा. आणि आवाज दोन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, घरगुती काढ्यांवर महिना घालवू नका.

पायरी ७: घरचं रेकॉर्डिंग

महागडा माईक लगेच नको. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे दोन गोधड्या टांगा, पंखा बंद, फ्रिज बंद. माईक तोंडापासून वीतभर, पुढे पॉप फिल्टर, म्हणजे प-फ चा फुंकर अडवणारी जाळी. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाजाची लेव्हल उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहू दे. पात्र ओरडणार असेल तर गेन (माईकचा आवाज पकडण्याचा जोर) कमी करून वेगळं रेकॉर्ड करा, अर्धं पाऊल मागे जा आणि तोंड जरा तिरकं ठेवा. दोन पात्रांचा संवाद असेल तर आधी एकाच्या सगळ्या ओळी आणि मग दुसऱ्याच्या, वेगवेगळ्या ट्रॅकवर, सुरुवातीला हेच सोपं जातं.

मग ती फाईल त्या भागातल्या कोणाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. "बरोबर आहे का?" असं विचारलंत तर लोक चांगुलपणाने हो म्हणतात. "हा माणूस कुठला वाटतो?" असं विचारा. उत्तर "कणकवलीकडचा" आलं तर जिंकलात. "मालवणी बोलायचा प्रयत्न करतोय" आलं तर परत दुसऱ्या पायरीवर.

पायरी ८: कामाप्रमाणे बदल

जाहिरातीत तीस सेकंद, साधारण साठ-सत्तर शब्द, तेवढ्यात माणूस उभा करायचा, म्हणून पहिल्या तीन शब्दांतच हेल स्पष्ट लागतो, नंतर सैल सोडला तरी चालतं.

डबिंगमध्ये पडद्यावरच्या ओठांशी जमवायचं. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात आणि ते दिसतं, तिथे चुकलं की लगेच कळतं. बोलीचा इथे फायदाच होतो: मला, मले, माका, माले, सगळे म नेच सुरू, म्हणजे बोली बदलली तरी ओठ जुळतात. पण "कुठे" च्या जागी "खंय" घेतलं तर एक अक्षर कमी होतं, मग हेल लांबवून जागा भरायची. कानात मूळ आवाज चालू असतो त्याच्या भावनेला धरा, चालीला नाही, नाहीतर मूळ सिनेमा तेलुगू असेल तर तेलुगू चालीत मराठी बोलाल.

ऑडिओबुक वेगळं. तिथे आठ-दहा तास ऐकणारा तुमच्यासोबत असतो. निवेदनाचा आवाज स्वतःचा, स्वच्छ ठेवा आणि पात्रांना फक्त हलका रंग द्या. पुरुषाने बाईचं पात्र वाचताना आवाज चिरका करू नये, बाईने पुरुषाचं करताना घसा दाबू नये, वेग आणि सूर थोडा बदलला की ऐकणारा समजून घेतो. गडद बोली पन्नास पानं चालली की ऐकणारा दमतो, आणि तुमचा गळाही.

हिंदी कामात "मराठी अ‍ॅक्सेंट" मागतात तेव्हा काय? आपलं ऐ आणि औ दोन स्वरांसारखं होतं, "है" चं "हइ", "और" चं "अउर", आणि ज-झ दंत्य होतात, म्हणजे "जोर" मधल्यासारखे. एवढं पुरे असतं. सगळ्या वाक्यांत "रे बाबा" घालायची गरज नाही.

पायरी ९: डेमो आणि कागद

डेमो, म्हणजे काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना, मिनिट-दीड मिनिटाचा. एकात सगळं कोंबू नका, प्रमाण निवेदन वेगळं, पात्रं वेगळी, बोली वेगळी, आणि फाईलला नीट नाव द्या, तुमचं नाव आणि बोलीचं. एमपीथ्री पाठवा. जी बोली पाच मिनिटं स्वतःच्या मनाने बोलता येत नाही ती डेमोत टाकू नका, डायरेक्टर तिथेच म्हणतो "आता हेच जरा चिडून, दुसऱ्या शब्दांत". आकाशवाणीच्या नाट्य कलाकारांच्या ऑडिशनवरही लक्ष ठेवा, तिथली ग्रेड मिळाली तर पैसे फार नसतात पण माईकसमोर नुसत्या आवाजाने नाटक करायचा जो सराव होतो तो दुसरीकडे होत नाही.

पैसे ठरवताना लेखी घ्या: आवाज कुठे वापरणार, किती काळ, किती भाषांत, दुरुस्त्या किती. आणि आता एक नवीन ओळ करारात येते, की आवाज मशीनला शिकवण्यासाठी किंवा कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी वापरता येईल. ती कधीकधी खूप आत दडलेली असते. पूर्ण वाचा. पटत नसेल तर काढायला सांगा, पटत असेल तर त्याचे वेगळे पैसे मागा, एका जाहिरातीच्या दरात कायमचा आवाज देऊन बसू नका.

न येणारी बोली कोणी मागितली तर सरळ सांगा की ही मला येत नाही, आणि त्या भागातल्या कुणाचा तरी नंबर त्याला विचारून पुढे द्या. मी एका आगरी पात्रासाठी उरणच्या एका मुलाचं नाव दिलं होतं, आता तोच स्टुडिओ वऱ्हाडी लागली की मला फोन करतो.